चित्रेची जोडी : युग्मताऱ्यांचे भौतिक स्वरूप

धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेले येरमाळा हे गाव येडेश्वरी देवीच्या स्थानामुळे महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. चैत्र पौर्णिमेस येथे देवीची मोठी यात्रा भरते. चुनखडीचे खडे वेचण्याचा विधी होतो, पालखी निघते आणि दूरदूरच्या जिल्ह्यांतून आलेल्या भाविकांनी डोंगराचा परिसर फुलून जातो. त्या रात्री पूर्वेकडून वर येणाऱ्या पूर्ण चंद्राच्या आसपास एक शुभ्र, निळसर छटेचा तेजस्वी तारा दिसतो. तो चित्रा नक्षत्राचा तारा होय. पौर्णिमेचा चंद्र ज्या महिन्यात चित्रेत किंवा तिच्या जवळपास असतो, त्या महिन्यास आपल्या पूर्वजांनी चैत्र हे नाव दिले. यात्रेची तिथी, महिन्याचे नाव आणि आकाशातील हा तारा यांची सांगड अशी फार जुनी आहे.

भारतीय पंचांगातही चित्रेला विशेष स्थान आहे. राशिचक्राचा आरंभबिंदू कोठे मानावा याविषयी महाराष्ट्रात दीर्घकाळ वाद झाला. त्यात ज्योतिर्गणिती वेंकटेश बापूजी केतकर यांनी चित्रा ताऱ्यास प्रमाण मानणाऱ्या चित्रापक्षाचा पुरस्कार केला. पुढे डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने निरयन गणनेसाठी चित्रेचाच आधार घेतला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग अमलात आले. ज्या ताऱ्यावर आपण कालगणनेची खूण ठेवली, तो तारा प्रत्यक्षात कसा आहे, हे जाणून घेणे म्हणूनच उद्बोधक ठरेल.

चित्रा हा एक तारा नाही. ते दोन तारे आहेत. परस्परांच्या इतक्या जवळून ते फिरत आहेत की, चार दिवसांत त्यांची एक प्रदक्षिणा पुरी होते. अशा जोडीस युग्मतारा म्हणतात. आकाशातील तारे सूर्यासारखे एकटेच असतात, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु सूर्यासारख्या ताऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना एक किंवा अधिक जोडीदार आहेत आणि चित्रेसारख्या भारी, तप्त ताऱ्यांत तर एकटा तारा हाच अपवाद होय. विश्वाविषयीच्या आपल्या ज्ञानात युग्मताऱ्यांचे महत्त्व एका विशेष कारणामुळे आहे. ताऱ्याचे वजन करण्याचा सर्वांत भरवशाचा काटा या जोड्यांच्या रूपाने निसर्गानेच आपल्याला दिला आहे. तो काटा कसा चालतो व त्याने कोणकोणती मापे झाली, याचा परिचय प्रस्तुत लेखात करून द्यावयाचा आहे.

भासमान जोडी आणि खरी जोडी

दोन तारे शेजारी दिसले म्हणजे ते खरोखरच एकमेकांजवळ असतात, असे नाही. माळावरून पाहताना दूरच्या टेकडीवरील दिवा आणि जवळच्या वस्तीवरील दिवा एकाच रेषेत आले तर ते शेजारी भासतात. ताऱ्यांचेही तसेच आहे. अशा जोडीस भासमान जोडी म्हणतात. याउलट जे दोन तारे गुरुत्वाकर्षणाने बांधले गेले असून एका समाईक बिंदूभोवती फिरतात, तीच खरी युग्मताऱ्यांची जोडी.

आपल्याकडे सर्वांना ठाऊक असलेली जोडी म्हणजे सप्तर्षींतील वसिष्ठ आणि अरुंधती. विवाहानंतर वधूवरांना अरुंधतीचे दर्शन घडविण्याची प्रथा आहे. चंद्रबिंबाच्या व्यासाच्या सुमारे दोन-पंचमांश एवढे अंतर या दोन ताऱ्यांत दिसते आणि चांगल्या दृष्टीच्या माणसाला ते सहज वेगळे ओळखता येतात. दोघेही आपल्यापासून ऐंशी प्रकाशवर्षांहून थोडे दूर असून अवकाशात एकाच दिशेने प्रवास करीत आहेत. ते गुरुत्वाकर्षणाने परस्परांशी बद्ध आहेत किंवा नाहीत, याविषयी मात्र अभ्यासकांत मतभेद आहेत. लहान दुर्बिणीतून पाहिल्यास एकटा वसिष्ठच दोन ताऱ्यांचा बनलेला दिसतो. त्या दोघांतील तेजस्वी तारा हाही स्वतः युग्म असल्याचे १८८९ मध्ये वर्णपटावरून कळून आले; त्याचा प्रदक्षिणाकाल साडेवीस दिवसांचा आहे. वसिष्ठाचा दुसरा घटकही युग्मच आहे आणि २००९ मध्ये अरुंधतीलाही एक अंधुक सोबती असल्याचे दिसून आले. डोळ्यांना दोन दिसणारे तारे अशा रीतीने सहा ठरले.

आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या जोड्या केवळ योगायोगाने जितक्या असाव्यात त्याहून पुष्कळच अधिक आहेत, हे इंग्लंडमधील जॉन मिचेल यांनी १७६७ मध्ये संभाव्यतेच्या गणिताने दाखविले. त्यांपैकी बऱ्याच जोड्या खऱ्या असल्या पाहिजेत, हा त्याचा अर्थ होता. विल्यम हर्षल यांनी अनेक वर्षे चिकाटीने वेध घेऊन काही जोड्यांतील तारे एकमेकांभोवती फिरत असल्याचे १८०३ मध्ये सिद्ध केले. न्यूटनचा गुरुत्वाकर्षणाचा नियम सूर्यमालेबाहेरही लागू पडतो, याचा हा पहिला प्रत्यक्ष पुरावा होता.

पुदुच्चेरी आणि पुणे

युग्मताऱ्यांच्या इतिहासात भारतभूमीचा वाटा लक्षणीय आहे. डिसेंबर १६८९ मध्ये पुदुच्चेरी येथे धूमकेतूचे वेध घेत असताना जाँ रिशो या फ्रेंच धर्मोपदेशकास नरतुरंग तारकासमूहातील मित्र हा तेजस्वी तारा दुर्बिणीत दुहेरी दिसला. आपल्यापासून अवघ्या ४.३७ प्रकाशवर्षांवर असलेल्या या जोडीतील दोन्ही तारे सूर्यासारखेच आहेत. एकाचे वस्तुमान सूर्याच्या १.०८ पट, तर दुसऱ्याचे ०.९१ पट आहे आणि त्यांची प्रदक्षिणा सुमारे ऐंशी वर्षांत पुरी होते. प्रॉक्झिमा नावाचा एक तिसरा, मंद तांबडा तारा याच कुटुंबातील असून सूर्याला सर्वांत जवळचा तारा तोच होय.

महाराष्ट्रात या विषयाचे पद्धतशीर काम प्रथम पुण्यात झाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अभियंता विल्यम स्टीफन जेकब यांनी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभारली. १८४५ ते १८४८ या काळात त्यांनी तेथून २४४ जोडताऱ्यांचे वेध घेऊन त्यांची सूची तयार केली. वृश्चिक राशीतील, अनुराधा नक्षत्राजवळच्या एका ताऱ्यात दोनऐवजी तीन घटक असल्याचेही त्यांनी १८४७ मध्ये ओळखले. पुढे दहा वर्षांहून अधिक काळ ते मद्रास वेधशाळेचे संचालक होते. डोंगरावरील निर्मळ हवेत वेधशाळा असावी या हेतूने ते १८६२ मध्ये पुन्हा पुण्यास आले. परंतु येथे पोहोचताच १६ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले व ती योजना तशीच राहिली. सह्याद्रीच्या कुशीतील स्वच्छ आकाशाचे मोल त्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी जाणले होते, ही गोष्ट आजही विचारात घेण्याजोगी आहे.

कावडीचा नियम

युग्मताऱ्यांवरून वजन कसे काढतात, हे समजण्यास ग्रामीण वाचकास कावडीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. कावडीच्या दोन्ही घागरी सारख्या भरलेल्या असतील तर खांदा काठीच्या मध्यावर येतो. एक घागर दुसरीच्या दुप्पट जड असेल तर खांदा जड घागरीकडे सरकवावा लागतो. मग जड घागर खांद्यापासून एक हात दूर असेल तर हलकी दोन हात दूर असते. ताऱ्यांच्या जोडीतही असा एक खांदा असतो. त्यास समाईक गुरुत्वमध्य म्हणतात. दोन्ही तारे त्याच्याभोवती फिरतात. जड तारा लहान कक्षेत, सावकाश. हलका तारा मोठ्या कक्षेत, वेगाने. दोघांच्या कक्षांचे आकार मोजले की त्यांच्या वजनांचे परस्पर प्रमाण कळते.

परंतु प्रमाण कळल्याने प्रत्यक्ष वजन कळत नाही. त्यासाठी केप्लरचा तिसरा नियम उपयोगी पडतो. पृथ्वी व सूर्य यांच्यातील सरासरी अंतर, म्हणजे सुमारे पंधरा कोटी किलोमीटर, हे एक एकक मानावे व काल वर्षांत मोजावा. मग दोन ताऱ्यांमधील सरासरी अंतराचा घन करून त्यास प्रदक्षिणाकालाच्या वर्गाने भागले असता दोघांचे एकूण वस्तुमान सूर्याच्या पटीत मिळते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे हिवाळ्यात सर्वांत तेजस्वी दिसणारा व्याध. १८४४ मध्ये जर्मन ज्योतिर्विद बेसेल यांच्या असे लक्षात आले की, व्याधाचा आकाशातील मार्ग सरळ नसून किंचित नागमोडी आहे. कोणी अदृश्य सोबती त्यास ओढीत असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. तो सोबती ३१ जानेवारी १८६२ रोजी अमेरिकेत एका नव्या दुर्बिणीची चाचणी घेताना आल्व्हन ग्रॅहम क्लार्क यांना प्रत्यक्ष दिसला. व्याध व त्याचा सोबती यांच्यातील सरासरी अंतर १९.८ एकके असून प्रदक्षिणाकाल ५०.१ वर्षे आहे. १९.८ चा घन सुमारे ७,७६२ आणि ५०.१ चा वर्ग सुमारे २,५१० होतो. भागाकार ३.०९ येतो. म्हणजे दोघांचे मिळून वजन सूर्याच्या सुमारे तीनपट झाले. कक्षांवरून वजनांचे प्रमाण दोनास एक असे मिळते. म्हणून व्याध सूर्याच्या दुप्पट आणि त्याचा सोबती जवळजवळ सूर्याएवढा ठरतो. माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यास फळ्यावर करता येईल इतके हे गणित सोपे आहे.

या गणिताचे महत्त्व केवळ एका ताऱ्यापुरते नाही. ताऱ्याचे तेज, तापमान, आयुष्य आणि शेवट ही सर्व प्रामुख्याने त्याच्या वस्तुमानावर अवलंबून असतात. जोड्यांवरून वजने मोजल्यावर तेज व वस्तुमान यांचा संबंध निश्चित झाला आणि मग एकट्या ताऱ्यांची वजनेही त्यांच्या तेजावरून अंदाजता येऊ लागली. ज्याप्रमाणे बाजारातील मापे प्रमाणित वजनांशी ताडून पाहिली जातात, त्याप्रमाणे सर्व ताऱ्यांच्या वजनांचे प्रमाण युग्मतारे पुरवितात.

वर्णपटाची साक्ष

व्याधाची जोडी चांगल्या दुर्बिणीतून वेगळी दिसू शकते. चित्रेचे तसे नाही. तिचे दोन तारे सुमारे अडीचशे प्रकाशवर्षे दूर असून त्यांच्यातील अंतर अवघे दोन कोटी किलोमीटरांच्या आसपास आहे. सूर्यापासून बुध जितका दूर आहे, त्याच्या हे जेमतेम एक-तृतीयांश होय. दहा किलोमीटरांवर धरलेल्या केसाची जाडी जेवढी दिसेल, तेवढेच हे अंतर पृथ्वीवरून भासते. मग तेथे दोन तारे आहेत, हे कळले कसे?

त्याचे उत्तर प्रकाशाच्या पृथक्करणात आहे. येरमाळ्यावरून जाणाऱ्या महामार्गाच्या कडेला उभे राहिल्यास एस. टी. गाडीच्या भोंग्याचा आवाज गाडी जवळ येताना चढा आणि पुढे निघून जाताना उतरता ऐकू येतो. प्रकाशलहरींनाही हाच न्याय लागू आहे. तारा आपल्याकडे येत असता त्याच्या वर्णपटातील रेषा जांभळ्या बाजूस व दूर जात असता तांबड्या बाजूस सरकतात. १८९० मध्ये जर्मनीतील हर्मान फोगेल यांना चित्रेच्या वर्णपटातील रेषा ठरावीक कालाने पुढेमागे सरकताना आढळल्या. हे हेलकावे चार दिवसांनी पुन्हा पुन्हा येत होते. एकच तारा असा झुलणे शक्य नव्हते. जोडीदार असणे क्रमप्राप्त होते.

पुढील मोजमापांनुसार चित्रेतील मोठ्या ताऱ्याचा कक्षेतील वेग दर सेकंदास सुमारे १२० किलोमीटर व लहान ताऱ्याचा सुमारे १९० किलोमीटर भरतो. कावडीच्या नियमाने वजनांचे प्रमाण वेगांच्या व्यस्त असते. म्हणून मोठा तारा लहान ताऱ्याच्या सुमारे १.६ पट जड असला पाहिजे. कक्षा आपल्या दृष्टिरेषेस कितपत कललेली आहे हे ठाऊक झाल्यावर प्रत्यक्ष वजनेही काढता आली. मोठा तारा सूर्याच्या सुमारे साडेअकरापट आणि लहान सुमारे सातपट जड आहे. त्यांचे व्यास सूर्याच्या अनुक्रमे साडेसातपट व पावणेचारपट आहेत. सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान साडेपाच हजार अंशांच्या आसपास असता चित्रेतील मोठ्या ताऱ्याचे पंचवीस हजार व लहान ताऱ्याचे एकवीस हजार अंशांच्या आसपास आहे. निळसर शुभ्र रंग हे या प्रखर उष्णतेचेच लक्षण होय. एकट्या मोठ्या ताऱ्याचे तेज सूर्याच्या सुमारे वीस हजारपट आहे.

या जोडीची कक्षा व अंतर यांचे अचूक माप घेण्याचे काम ऑस्ट्रेलियातील नाराब्री येथे विसाव्या शतकाच्या सातव्या दशकात झाले. एकमेकांपासून दूर ठेवलेल्या दोन मोठ्या आरशांवर पडणाऱ्या प्रकाशाची तुलना करणारे तेथील यंत्र ज्यांनी योजले, ते रॉबर्ट हॅनबरी ब्राउन हे शास्त्रज्ञ १९१६ मध्ये आपल्याच देशात, नीलगिरीतील अरुवनकाडू येथे जन्मले होते.

दोन तारे इतके जवळ असल्याचा परिणाम त्यांच्या आकारावरही झाला आहे. चंद्राच्या ओढीने समुद्रास भरती येते. चित्रेत ताऱ्यावरच भरती येते. परस्परांच्या ओढीने हे तारे गोल न राहता अंड्याप्रमाणे लांबट झाले आहेत. फिरताना त्यांची कधी रुंद तर कधी अरुंद बाजू आपल्याकडे येते व त्यामुळे चित्रेचे तेज अत्यंत अल्प प्रमाणात कमीजास्त होते. साध्या डोळ्यास हा फरक जाणवत नाही, परंतु उपकरणे तो टिपतात.

ताऱ्यांची ग्रहणे

काही जोड्यांची कक्षा अशी असते की, पृथ्वीवरून पाहता एक तारा दुसऱ्याच्या आड जातो. त्यांस पिधानकारी युग्मतारे म्हणतात. ययाति तारकासमूहातील अल्गॉल हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचे तेज उतरू लागते, मूळच्या जवळजवळ एक-तृतीयांशावर येते आणि सुमारे दहा तासांच्या अवधीत पूर्ववत होते. एकोणिसाव्या वर्षी, १७८३ मध्ये, जॉन गुडरिक या मूकबधिर इंग्रज तरुणाने या बदलाचा काल निश्चित केला व एखादा काळोखा सोबती त्यास झाकीत असावा, असे सुचविले. शंभर वर्षांनंतर वर्णपटाने त्याचे म्हणणे खरे ठरविले. अल्गॉलचे निरीक्षण हिवाळ्यात कोणत्याही गावातून साध्या डोळ्यांनी करता येते.

ग्रहणांमुळे ताऱ्यांची वजने तर कळतातच, शिवाय त्यांचे व्यासही कळतात. ग्रहण किती वेळ टिकले आणि वेग किती, यावरून बिंबाचा आकार निघतो. या शाखेत हैदराबाद येथे मोलाचे काम झाले. धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होता, तेथे १९०१ मध्ये निजामिया वेधशाळा स्थापन झाली व पुढे ती उस्मानिया विद्यापीठाकडे आली. या विद्यापीठाने जपाल-रंगापूर येथे १२० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण उभारली. प्रा. कृष्ण दामोदर अभ्यंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथून पिधानकारी युग्मताऱ्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला.

देवघेव आणि तिचे परिणाम

अल्गॉलने शास्त्रज्ञांपुढे एक कोडे टाकले होते. जड तारा आपले इंधन लवकर संपवितो व लवकर वृद्ध होतो, हा सर्वमान्य नियम आहे. अल्गॉलमध्ये मात्र हलका तारा वृद्ध व फुगलेला, तर जड तारा अद्याप तरुण दिसतो. याचा उलगडा देवघेवीत आहे. आज हलका असलेला तारा पूर्वी जोडीतील जड तारा होता. वृद्धावस्थेत तो फुगला, त्याचे बाहेरील थर जोडीदाराच्या ओढीच्या कक्षेत गेले आणि बराचसा वायू जोडीदाराकडे वाहून गेला. अशा रीतीने धाकटा थोरला झाला. एकट्या ताऱ्याचा जीवनक्रम त्याच्या जन्मवेळच्या वजनावरून सांगता येतो. निकटच्या जोडीत तो सोबत्याच्या वागण्यावरही ठरतो.

व्याधाचा सोबती हा याहून वेगळा प्रकार आहे. त्याचे वजन सूर्याएवढे, पण आकार पृथ्वीपेक्षाही किंचित लहान आहे. त्याच्या एका घन सेंटिमीटर द्रव्याचे वजन दोन टनांहून अधिक भरेल. अशा ताऱ्यास श्वेतबटू म्हणतात. श्वेतबटूचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.४ पटीहून अधिक असू शकत नाही, हे सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनी १९३० च्या सुमारास तरुण वयातच गणिताने दाखविले. त्यांना १९८३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. श्वेतबटू एखाद्या फुगलेल्या ताऱ्याचा निकट जोडीदार असेल, तर त्याच्यावर वायूचा थर साचत जातो आणि एके दिवशी भडका उडून नवतारा दिसू लागतो. भुजंगधारी तारकासमूहातील अशाच एका जोडीचा २००६ मध्ये स्फोट झाला, तेव्हा त्यातून निघालेल्या दीर्घ रेडिओ लहरी पुणे जिल्ह्यातील खोडद येथील महाकाय रेडिओ दुर्बिणीने नोंदविल्या होत्या.

चित्रेचेही भवितव्य ठरलेले आहे. तिच्यातील मोठा तारा पुढे कधी काळी अतिदीप्त नवताऱ्याच्या रूपाने स्फोट पावेल, अशी अपेक्षा आहे. तो काळ मानवी इतिहासाच्या मापाने फार दूरचा असल्याने त्याविषयी चिंतेचे कारण नाही.

औंढा नागनाथची प्रयोगशाळा

जोडीतील दोन्ही तारे मरण पावून न्यूट्रॉन तारे किंवा कृष्णविवरे झाली, तरी त्यांचे फिरणे थांबत नाही. असे जड गोल फिरताना अवकाशात गुरुत्वीय लहरी उत्पन्न करतात. त्यात त्यांची ऊर्जा खर्च होते, ते हळूहळू जवळ येतात आणि अखेर एकमेकांत विलीन होतात. १९७४ मध्ये सापडलेल्या एका न्यूट्रॉन युग्माची कक्षा याच हिशेबाने आकसत असल्याचे आढळले व त्या शोधास १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो प्रयोगशाळेने या लहरी प्रथमच प्रत्यक्ष टिपल्या. सूर्याच्या सुमारे ३६ पट व २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर विलीन झाली होती. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळल्याची नोंद झाली. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत तयार होतात, याचा पुरावा त्यातून मिळाला.

या क्षीण लहरी गोंगाटातून ओळखून काढण्याच्या गणिती पद्धतीत पुण्याच्या आयुका या संस्थेतील प्रा. संजीव धुरंधर यांचे काम पायाभूत मानले जाते. मराठवाड्यास विशेष अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, लायगोची भारतीय प्रयोगशाळा हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ परिसरात उभारण्याचे ठरले. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिच्या सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. परस्परांशी काटकोन करणाऱ्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा ही तिची मुख्य रचना आहे. पृथ्वीच्या निरनिराळ्या भागांत अशी केंद्रे असल्याखेरीज लहरी आकाशाच्या कोणत्या भागातून आल्या, हे नेमके ठरविता येत नाही. भूकंपनमापकास जाणवणारी साधी हालचालही अशा प्रयोगात अडथळा ठरते. म्हणून परिसरातील ग्रामपंचायतींचे व नागरिकांचे समजूतदार सहकार्य तिला सदैव लागणार आहे. ज्या प्रयोगशाळेच्या शेजारी आपण राहणार, ती कशाचा शोध घेते हे गावातील मुलांना ठाऊक असणे हा त्या सहकार्याचा पाया होय.

शाळा आणि ग्रामपंचायत

हे ज्ञान शाळेपर्यंत नेण्यास मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. एका काठीस दोन टोकांना कमीजास्त पाणी भरलेली दोन भांडी बांधून ती बोटावर तोलून धरावी. भांड्यांची वजने आणि बोटापासूनची अंतरे विद्यार्थ्यांनी वहीत लिहून गुणाकार करून पाहावा. दोन्ही बाजूंचे गुणाकार सारखे येतात, हे स्वतः पाहिलेला विद्यार्थी गुरुत्वमध्य विसरणार नाही. अंधाऱ्या खोलीत एका कंदिलापुढून दुसरा मंद कंदील फिरविल्यास पिधानकारी ताऱ्याची कल्पना येते. अल्गॉलचे तेज शेजारच्या ताऱ्यांशी ताडून आठवडाभर नोंदविणे हा नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस साजेसा उपक्रम आहे.

प्रत्यक्ष आकाशदर्शनासाठी यात्रेनंतरचे दिवस सोयीचे असतात. पौर्णिमेस चंद्रप्रकाशाने अंधुक तारे लोपतात. वद्य सप्तमी-अष्टमीपासून मध्यरात्रीपर्यंत आकाश काळे राहते. सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढविली की प्रथम नारिंगी स्वाती आणि नंतर शुभ्र चित्रा लागते. वैशाखात रात्री दहा-अकराच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळे असल्यास, क्षितिजापासून हात लांब करून धरलेल्या एका मुठीच्या उंचीवर मित्र तारा दिसतो. पुदुच्चेरीस दुहेरी दिसलेला तारा तो हाच. बालाघाटाच्या उंचवट्यावरून तो पाहणे कठीण नाही.

मात्र यासाठी अंधार शिल्लक राहिला पाहिजे. रस्त्यावरील दिव्यांचा जो प्रकाश वर आकाशात जातो, तो कोणाच्याच उपयोगी पडत नाही. त्याचे बिल मात्र ग्रामपंचायतीस भरावे लागते. दिव्यांवर खालच्या बाजूने उघडी झाकणे बसविली, प्रखर पांढऱ्याऐवजी सौम्य पिवळसर दिवे निवडले आणि मध्यरात्रीनंतर अनावश्यक दिवे बंद ठेवले, तर रस्ता अधिक चांगला उजळतो, वीज वाचते आणि आकाशही राहते. दिवाबत्तीचा विषय ग्रामसभेपुढे येतो तेव्हा या बाबीचाही विचार व्हावा.

पंचांगातील चैत्र कायम राहील आणि चित्राही आपल्या जागी उगवत राहील. ती उगवलेली पाहणारी पुढील पिढी मात्र गावोगावच्या शिक्षकांनी आणि ग्रामपंचायत सदस्यांनीच घडवावयाची आहे. येत्या चैत्रात शाळेच्या पटांगणावर एक रात्र आकाशदर्शनासाठी राखून ठेवावी आणि त्या वेळेपुरते तरी जवळचे दिवे मालवावेत, एवढी सुरुवात प्रत्येक गावास शक्य आहे.